एका अक्षराची खुशाली

डा-डिट-डा. जरा थांबून पुन्हा डा-डिट-डा.

1994 सालच्या मे महिन्यात, जयगडच्या खाडीजवळच्या आमच्या आजोळी, पडवीत गोधडीवर पालथं पडून मी हा आवाज पहिल्यांदा ऐकला. मामा बोटीवरून सुट्टीला आला होता. त्याने सिंगापूरहून आणलेला सोनीचा रिसीव्हर पडवीतल्या बाकावर होता आणि त्याची एरियल म्हणून एक लांब तार समोरच्या माडाला बांधलेली होती. मामी त्या तारेवर टॉवेल वाळत घालायची आणि मामा दर वेळी तो गुपचूप काढून दोरीवर टाकायचा. या विषयावर दोघं कधी भांडली नाहीत, पण दोघांपैकी कोणी माघारही घेतली नाही.

मी अकरा वर्षांची होते. रेडिओवर गाणी लागतात, बातम्या लागतात, फार तर क्रिकेट लागतं, एवढीच माझी समज. इथे मात्र खरखर, मधूनच दूरवरच्या वळवाच्या विजांचा कडकडाट, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कोणीतरी शांतपणे एकच अक्षर वाजवतंय. थकत नाही, चुकत नाही, पुढचं अक्षर काही येत नाही.

"हा के," मामा म्हणाला. "लांब, आखूड, लांब."

"पुढे काय?"

"पुढे काही नाही. के."

"मग बोलतंय कोण?"

"बोलत कोणीच नाहीये गो. कोणीतरी नुसतं आहे तिथे. चल, पानं घेतलीत."

त्या सुट्टीत मी दोनशे पानी वहीत हेराचा तपास सुरू केला. रात्री कोणतं अक्षर किती वाजता लागलं, किती वाजता गेलं, सगळं लिहायचे. मामा नुसता हसायचा. त्याला उत्तर ठाऊक होतं, पण माझी मजा घालवायची नव्हती म्हणून तो गप्प राहिला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आधी त्या आवाजाची तांत्रिक गंमत सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. साध्या ट्रान्झिस्टरवर हे मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची तारेची लिपी, ऐकूच येत नाही. लहरीवर कोणाचा आवाज चढवलेला नसतो, नुसती लहर चालू-बंद होते. त्यामुळे स्पीकरमधून सूर निघत नाही. खरखर क्षणभर दबते आणि पुन्हा उसळते, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. सूर हवा असेल तर रिसीव्हरने स्वतःची एक बारीक लहर त्यात मिसळावी लागते. दोघींच्या कंपनसंख्येत जेवढा फरक, तेवढाच सूर आपल्या कानावर पडतो. म्हणजे आपण ऐकतो तो सूर पाठवणाऱ्याचा नसतोच, त्याच्या आणि आपल्या मधल्या अंतराचा असतो. मामाच्या सोनीवर त्यासाठी एक छोटी चकती होती. ती फिरवली की के कधी कोकिळेसारखा बारीक व्हायचा, कधी बेडकासारखा घोगरा.

आता या अक्षरांविषयी. शॉर्टवेव्हवर ठरावीक जागी ही मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. 3594 किलोहर्ट्झच्या आसपास, मग 4558, 5154, 7039, 8495, 10872, 13528, 16332 आणि 20048. प्रत्येक ठिकाणी तोच शेजार, शंभर-शंभर हर्ट्झच्या अंतराने, चाळीतल्या खोल्यांसारखा: डी, पी, एस, सी, ए, एफ, के, एम. डी म्हणजे सेवास्तोपोल, पी कालिनिनग्राद, एस उत्तरेचं सेवेरोमोर्स्क, सी मॉस्को, ए कॅस्पियन समुद्राजवळचं आस्त्राखान, एफ व्लादिवोस्तोक, के कामचाट्कातलं पेत्रोपाव्लोव्स्क आणि एम मगादान. नकाशावर बोट फिरवलंत तर रशियन नौदलाचे तळ एकामागोमाग हाताला लागतात. मॉस्कोला समुद्र नाही, पण नौदलाचं मुख्यालय बरीच वर्षं तिथेच होतं.

हे आज इतक्या सहज लिहिता येतं. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्या हौशी लोकांना ही अक्षरं पहिल्यांदा सापडली तेव्हा शीतयुद्ध ऐन भरात होतं, आणि नाव-गाव न सांगता अक्षर वाजवणारा प्रत्येकजण तेव्हा हेरच असायचा. 1978 मध्ये 3584 किलोहर्ट्झवर डब्ल्यू हे अक्षर वाजायला लागलं. ही जागा हौशी बिनतारीवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या पट्ट्यातली, त्यामुळे त्यांच्यात बोंबाबोंब झाली. तो डब्ल्यू क्यूबातून येतो असा अंदाज होता. 1982 च्या सुमारास अशी वदंता उठली की के हा कामचाट्कातून येतच नाही, तो व्हिएतनामच्या काम रान्ह उपसागरातून येतो. तिथे तेव्हा सोव्हिएत नौदलाने खरोखरच तळ टाकला होता, त्यामुळे ती खपलीही चांगली. अनोळखी प्रक्षेपणांची नोंद ठेवणाऱ्या युरोपातल्या छंदिष्टांनी पुढे या सगळ्या घराण्याला एमएक्स असं खात्यातलं नाव देऊन टाकलं. 7039 ची जागा आजही हॅम लोकांना डाचते. 7000 ते 7100 किलोहर्ट्झ हा पट्टा जगभर हौशी लोकांसाठी राखलेला आहे, आणि त्याच्या मधोमध ही आठ बिऱ्हाडं भाडं न देता वर्षानुवर्षं राहतायत.

गूढ म्हटलं की हल्ली लोकांना 4625 किलोहर्ट्झवर नुसतं भुणभुणणारं ते रशियन केंद्र, तो 'भुणभुण्या', आठवतो. त्याला चाहते आहेत, त्याचं थेट प्रक्षेपण करणारे आहेत, तो क्षणभर बंद पडला की बातम्या होतात. या बिचाऱ्या अक्षरांना कोणी चाहता नाही. माझ्या मते ती त्याहून कितीतरी सुंदर आहेत. पण तो भाग पुढे.

मामा मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होता. सारंगापासून भंडाऱ्यापर्यंत सगळी बोट त्याला 'मार्कोनीसाब' म्हणायची. भारतीय खलाशांत हे नावच पडलेलं होतं. माणूस कोणीही असो, रेडिओ रूममध्ये बसला की तो मार्कोनीसाब. त्या खोलीतल्या घड्याळाचं वर्णन मी मामाकडून इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. तबकडीवर दोन लाल पाचरी रंगवलेल्या, पंधरा ते अठरा मिनिटं आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटं. दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं, 500 किलोहर्ट्झवर जगातल्या सगळ्या बोटींनी गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं. कोणी बुडत असेल, त्याचा क्षीण आवाज गलक्यात दबून जाऊ नये म्हणून. "सबंध समुद्र गप्प," मामा म्हणायचा. आमच्या घरात मात्र तीन मिनिटं सलग कोणी गप्प बसल्याचं स्मरणात नाही.

अक्षरांचं कोडं त्याने मला सोडवून दिलं ते मी अकरावीत असताना, तेही वैतागून. मी त्याला क्षेपणास्त्रांविषयीचा माझा ताजा सिद्धांत ऐकवत होते.

"अगो, किनाऱ्यावरचा बॉम्बे रेडिओ, बोटींच्या तारा घ्यायचा तो, काय करायचा?" त्याने मला मध्येच तोडलं. "व्हीव्हीव्ही व्हीव्हीव्ही डीई व्हीडब्ल्यूबी. दिवसरात्र. टेप लावून ठेवलेली. व्हीडब्ल्यूबी हे त्याचं नाव. त्यात काय निरोप होता? काही नाही. पण मी हिंदी महासागरात कुठेतरी असायचो, घरी तार द्यायची असायची. मग मी आधी आठ मेगाहर्ट्झवर व्हीडब्ल्यूबी ऐकायचो. नाही लागला तर बारावर. तिथे खणखणीत लागला तर तिथेच हाक मारायची. तो मला ऐकू येतो म्हणजे मीही त्याला ऐकू जाणार. एवढंच. हे रशियन तेच करतात. फक्त नाव गाळून अक्षर ठेवलंय, कारण ज्याने ऐकायचं त्याला अक्षर पुरतं."

बहुतेक जाणकार आज याच ठिकाणी येऊन थांबलेत, जरी रशियन नौदलाने स्वतः कधी त्यावर शिक्का मारलेला नाही. पॅसिफिकमधल्या पाणबुडीचा किंवा विनाशिकेचा तारवाला बसल्या जागी नऊ ठिकाणी कान लावतो, व्लादिवोस्तोकचा एफ कुठे स्वच्छ येतोय ते बघतो आणि त्या लगतचा मार्ग धरतो. आकाशाचा अंदाज घ्यायला याहून स्वस्त यंत्र नाही.

मला त्या वेळी रागच आला होता. सहा वर्षं जपलेलं गूढ, आणि त्याच्या आत निघाली टेप लावून ठेवलेली एक कचेरी. पण रात्री पडवीत पडल्यावर माझ्या जुन्या वहीतल्या वेळा मला पहिल्यांदा नीट दिसायला लागल्या. मे महिन्यात के संध्याकाळी सातच्या सुमारास लागायचा आणि रात्री अकराच्या आगेमागे विरून जायचा. मॉस्कोचा सी नेमका तेव्हाच यायला लागायचा. एक मावळला की दुसरा उगवणार, जणू दोघांनी पाळ्या वाटून घेतल्यात.

पाळ्या सूर्याने वाटलेल्या होत्या. सात मेगाहर्ट्झची लहर दिवसा फार लांब जात नाही. वातावरणाचा जो थर उन्हाने चेततो तो तिला खाऊन टाकतो. अंधार पडला की तो खालचा थर विरतो आणि लहर तशीच वर, तीनेकशे किलोमीटर उंचीच्या थरापर्यंत जाऊन पृथ्वीवर परत येते. दोन-तीन उड्यांत ती कामचाट्कातून हिमालय ओलांडून कोकणात उतरते. अंतर सुमारे आठ हजार किलोमीटर. पण त्यासाठी सगळ्या वाटेवर रात्र हवी. आमच्याकडे मेमध्ये दिवस मावळतो तेव्हा कामचाट्कात मध्यरात्र उलटून गेलेली असते, म्हणून के लगेच लागतो. आमच्याकडे अकरा वाजतात तेव्हा तिकडे सूर्य उगवतो आणि मॉस्कोत नुकता मावळलेला असतो. सेवेरोमोर्स्कचा एस मेअखेरीपासून जवळजवळ गायबच, कारण ध्रुवाजवळच्या त्या गावात उन्हाळ्यात रात्रच होत नाही. मी अकरा वर्षांची असताना हेरांची म्हणून जी वही भरली होती, ती पृथ्वीच्या सावलीची वही निघाली. त्यानंतर मला गूढ हरवल्याचं दुःख राहिलं नाही.

रात्र पडते असं आपण म्हणतो. मला ती त्या अक्षरांवरून चालत येताना ऐकू येते, मगादानकडून इकडे.

के या अक्षराचं आणखी एक आहे. मोर्सच्या रिवाजात आपलं सांगून झालं की शेवटी के वाजवतात. अर्थ, माझं संपलं, आता तुम्ही बोला. जहाजांच्या झेंड्यांच्या भाषेतही के चा अर्थ 'मला तुमच्याशी बोलायचं आहे' असाच. कामचाट्कावाल्यांच्या मनात यातलं काही नसणार. पण तारेवर हयात घालवलेल्या माणसाच्या कानाला ते तसंच ऐकू येतं. बोला, बोला, बोला. रात्रभर. मामाने हा के अंगात इतका मुरवून घेतलाय की आता त्याचे व्हॉट्सॲपचे निरोपही रोमन के ने संपतात. "फणस पाठवले आहेत. चार कापे, दोन बरके. के." घरातल्या पोरांना तो तुटक 'ओके'चा के वाटतो. आजोबा रागावले असं समजून कोणी उत्तर देत नाही, आणि आजोबा तिकडे फोन हातात धरून उत्तराची वाट बघत बसतात. हा गैरसमज मी तीनदा मिटवला. चौथ्यांदा सोडून दिला.

निरोप नसलेला निरोप हा प्रकार आपल्याला नवा नाहीच. पुण्याला हॉस्टेलवर राहायला आले तेव्हा आई म्हणाली होती, पोचलीस की शेजारच्या काकूंच्या फोनवर दोन रिंगा दे आणि ठेवून दे. एसटीडीचा पैसा पडायचा नाही आणि काळजी मिटायची. पुढे मोबाइल आले तर त्याचाच मिस्ड कॉल झाला. रिंग वाजते, आपण उचलत नाही, उचलायचा नसतोच. पोचली. त्या दोन रिंगांमध्ये जेवलीस का, थंडी आहे का, पैसे पुरतायत का, यातलं काही नव्हतं, पण आईला त्यावर झोप लागायची. आजीच्या पोस्टकार्डावरचं 'आम्ही सर्व येथे खुशाल' हेही त्यातलंच. त्या वाक्याखाली कोणाचं आजारपण, कोणाचं भांडण दडलेलं असलं तरी वाक्य तेच. खुशाली कळवणं म्हणजे माहिती देणं नव्हे, हे मोर्सवाल्यांना आणि आजीला दोघांना माहीत होतं.

अर्थात या तुलनेत वाहून जायला नको. कालिनिनग्रादचा पी कोणाच्या आईची झोप सांभाळायला वाजत नाही. तो युद्धनौकांच्या कामाचा आहे. बातम्यांत सेवास्तोपोल हे नाव येतं तेव्हा मला आधी डी आठवतो, लांब-आखूड-आखूड, आणि मग त्या अक्षराचा मला जरा त्रास होतो. 1991 मध्ये देश फुटला, ते बंदर युक्रेनच्या वाट्याला गेलं, काळ्या समुद्राचं आरमार कोणाचं यावर सहा वर्षं घासाघीस होऊन 1997 मध्ये करार झाला, 2014 मध्ये रशियाने क्रिमियाच घेतला, आणि त्यानंतर जे चाललंय ते आपण बघतोच आहोत. त्या एका अक्षरात यातलं काहीही ऐकू येत नाही. सूर निरागस असतो म्हणून वाजवणारा निरागस असेलच असं नाही.

याच्या अगदी उलट स्वभावाचे दीपस्तंभही शॉर्टवेव्हवर आहेत. हौशी लोकांनी जगभर अठरा ठिकाणी बसवलेले, 14100 किलोहर्ट्झपासून वर पाच जागी. प्रत्येकाला दहा सेकंद. आपलं नाव सांगायचं आणि पाठोपाठ एकेक सेकंदाच्या चार लांब रेघा द्यायच्या. पहिली शंभर वॅटची, दुसरी दहाची, तिसरी एका वॅटची आणि चौथी वॅटच्या दहाव्या भागाची. तीन मिनिटांत अठरा जणांची फेरी पुरी. भारतात त्यातला एकही नाही, आपल्याला सगळ्यात जवळचा श्रीलंकेतला 4एस7बी. त्याची चौथी रेघ ऐकू आली त्या दिवशी मामाने मला फोन केला होता. विजेरीतल्या बल्बालासुद्धा याहून जास्त वीज लागते, आणि ती समुद्र ओलांडून आली.

मामाची नोकरी 1 फेब्रुवारी 1999 ला संपली असं म्हणायला हरकत नाही. प्रत्यक्षात तो आणखी काही महिने बोटीवर होता, पण त्या तारखेपासून उपग्रहाची नवी संकटयंत्रणा जगभर पूर्ण लागू झाली आणि बोटींवर मोर्स जाणणारा माणूस बाळगायची सक्ती उरली नाही. फ्रेंच नौदलाने तर दोन वर्षं आधीच, 31 जानेवारी 1997 ला, आपला शेवटचा मोर्स संदेश पाठवला होता. चिरकालच्या मौनाआधीची ही आमची शेवटची हाक, अशा अर्थाचा. मामाला तो पाठ आहे, पण तो म्हणून दाखवत नाही. 2013 च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली तेव्हा लोक शेवटची तार करायला रांगा लावून उभे होते. मामा गेला नाही. "ती कधीच मेली होती, आता वर्षश्राद्ध घालतायत," म्हणाला.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ही अक्षरं लागत नाहीत. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, सगळ्यांची मिळून अशी करकर उठते की तिच्यापुढे कामचाट्का काय करणार. मग मी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर उघडते. 2008 मध्ये तो जगाला पहिल्यांदा खुला झाला. तिथे डी, पी, एस अंगणातले असल्यासारखे लागतात. पण ते परक्याच्या पडवीत बसून ऐकणं. रात्र तिथली असते, आपली नाही.

म्हणून गेल्या डिसेंबरात मुद्दाम आजोळी गेले. डिसेंबरचं कारण असं, की रात्री पावणेआठपासून पहाटे तीनपर्यंत या आठही गावांत आणि आपल्याकडे एकाच वेळी अंधार असतो. वर्षातला हाच मोसम सगळी मंडळी एकत्र भेटण्याचा. माडाला नवी तार बांधली. मी रिसीव्हर बरोबर 7038 वर ठेवला. त्यामागे एक हिशोब होता. तिथून डी सातशे हर्ट्झवर, पी आठशेवर, असं करत एम चौदाशेवर. सातशे आणि चौदाशे, म्हणजे खालचा सा आणि वरचा सा. आठ अक्षरांचं एक अख्खं सप्तक.

मामी मधल्या खोलीत पेटी काढून बसली होती. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. डी वाजायला लागला तशी तिने सवयीने तार सप्तकातली एक पट्टी दाबून पाहिली.

"पांढरी चार," ती आतून म्हणाली. "पण पुढचे सूर कोणी लावलेत हो? रे धड रे नाही, ग चढलाय. मध्यम तेवढा तीव्र बरा आहे. बाकी सगळा आनंद."

"रशियन नौदलाने लावलेत," मामा म्हणाला.

"मग त्यांना सांगा."

आठही एकदम मला आजवर कधी ऐकू आलेली नाहीत. त्या रात्री सहा लागली. आस्त्राखान आणि मगादान नव्हती. मामी नऊ वाजता पेटी झाकून झोपायला गेली. आम्ही दोघं बसून राहिलो. मामाने कानटोपी घातली होती आणि त्यावरून हेडफोन, त्यामुळे मी काही विचारलं तरी त्याला ऐकू जात नव्हतं. गुडघ्यावर त्याचं बोट मात्र हलत होतं. लांब, आखूड, लांब. दोननंतर माझा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि मामा हेडफोन काढून वायर गुंडाळत होता.

"के गेला?" मी विचारलं.

"उजाडलं तिकडे," तो म्हणाला, आणि तारेवरचा टॉवेल काढून दोरीवर टाकायला अंगणात उतरला.